नखुरडं: शेकायचं कधी, कोरडं ठेवायचं कधी

नखुरडं झालं की आपल्याकडे पहिला सल्ला लिंबाचा मिळतो. लिंबाचं तोंड कापायचं, आतला गर थोडा कोरायचा आणि ठणकणारं बोट त्या खळग्यात खुपसून रात्र काढायची. मी दहा-अकरा वर्षांची असताना आजीनं माझ्यावर हा उपाय केला होता. बोट लिंबात, वरून फडक्याची पट्टी, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडणारी मी. सकाळी लिंबू काढलं तेव्हा कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि ठणका जसाच्या तसा होता. मग आजीनं कणकेचं गरम पोटीस बांधलं, दिवसातून तीन-चार वेळा बदललं, आणि तिसऱ्या दिवशी बोट निवलं. कितीतरी वर्षं मी त्याचं श्रेय लिंबालाच देत होते. खरं काम उबेनं केलं होतं. लिंबाचं आम्ल आत साठलेल्या पुवापर्यंत पोचत नाही. चिरलेली कातडी तेवढी झोंबते, आणि सुजून टम्म झालेलं बोट घट्ट लिंबात आवळलं जातं ते वेगळंच.

आजी बदलापूरची. मीही याच पट्ट्यात वाढले, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत नखांची दुखणी इतकी का दिसतात ते हळूहळू कळत गेलं. इथल्या माणसांच्या हातापायांना स्वस्थता नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये जीन्स शिवणारे हात आहेत, सुई-कात्रीशी दिवसभर गाठ असणारे. घरोघर पापडाचं पीठ मळणाऱ्या बायका आहेत. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत सेफ्टी शूजमध्ये पाय कोंडून शिफ्ट काढणारे कामगार आहेत. पहाटेपासून चार-पाच घरची धुणीभांडी उरकणाऱ्या ताई आहेत. आसपासच्या गावांत जुलैत लावणीच्या चिखलात उभी असलेली माणसं आहेत. आणि या सगळ्यांच्या जोडीला ओल्या मोज्यांनी लोकल पकडणारे चाकरमाने. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर 68 किलोमीटर आहे. पावसात भिजलेला पाय तो सगळा प्रवास बुटातच शिजत असतो.

मला सगळ्यात आधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती कळली नाही तर बाकीचे सगळे उपाय उलटे पडतात. ‘नखुरडं’ या एका नावाखाली आपण दोन वेगळी दुखणी ओळखतो. एक दोन-तीन दिवसांत लाल होऊन ठणकत येतं. त्याला ऊब हवी, कोमट पाण्याचा शेक हवा. दुसरं महिनोन्महिने धुमसत राहतं, फार दुखत नाही, पण जातही नाही. त्याला पाण्यापासून सुटका हवी. घरोघरी नेमकं उलटं होताना मी पाहते. ठणकणाऱ्या बोटाला ‘पाणी लावू नकोस, चिघळेल’ म्हणून कोरडी पट्टी बांधून ठेवतात, आणि महिनोन्महिने सुजलेली बोटं रोज मिठाच्या गरम पाण्यात बुडवत बसतात.

आधी ठणकणारं घेऊ. नखाच्या कडेची कातडी म्हणजे दरवाजाच्या फटीत ठोकलेली पट्टी. ती शाबूत आहे तोवर आत काही शिरत नाही. नखाशेजारी निघालेलं सालपट दातानं ओढलं, नेलकटर खोल गेला, शिवताना सुई बोटात घुसली, मासळी साफ करताना काटा लागला, पार्लरमध्ये नखाच्या मुळाची कातडी मागे ढकलून कापली, की त्या पट्टीला चीर पडते. आपल्या कातडीवर आणि नाकात नेहमीच वावरणारे जंतू त्या चिरेतून आत जातात. एरवी ते गरीब असतात, चीर मिळाली की मात्र पू करतात. दोन ते पाच दिवसांत नखाची एक बाजू लाल, गरम, चकचकीत होते. हात खाली सोडला की ठणका वाढतो, रात्री जास्त जाणवतो.

या पहिल्या टप्प्यावर घरचा उपाय खरोखर काम करतो, फक्त तो नेमानं करावा लागतो. वाटीत कोमट पाणी घ्या. बोट सुखानं बुडवता येईल इतकंच गरम. पंधरा मिनिटं बोट त्यात ठेवा, पाणी निवलं तर थोडं गरम पाणी घाला. दिवसातून तीन ते चार वेळा, निदान दोन-तीन दिवस. एकदा संध्याकाळी मालिका बघताना केलं आणि सोडून दिलं तर उपयोग नाही. चमचाभर मीठ घातलं तरी चालेल, पण मिठाचा फार मोठा वाटा आहे असं समजू नका. उबेमुळे तिथला रक्तपुरवठा वाढतो, कातडी मऊ पडते आणि थोडासा पू असेल तर त्याला आपोआप वाट मिळते. प्रत्येक वेळी स्वच्छ कापडानं टिपून बोट नीट कोरडं करायचं, हवं तर पोव्हिडोन आयोडीनचं मलम लावून सैल पट्टी बांधायची. निजताना हात उशीवर उंच ठेवला तर ठणका कमी होतो. दुखणं सहन होत नसेल तर, ज्यांना चालते त्यांनी, पॅरासिटामॉलची गोळी घ्यावी.

पोटीस बांधणाऱ्या आज्या अजून आहेत आणि त्यांच्यावर माझा राग नाही. कणकेचं पोटीस म्हणजे ऊब धरून ठेवायची युक्तीच आहे. पण कातडी फुटलेली असेल, पू वाहत असेल तर त्यावर पीठ, हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट यातलं काहीही थापू नका. पीठ जखमेत अडकतं, चुना भाजतो. आणि पोटीस किती गरम आहे ते आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. लहान मुलांच्या बोटांना पोटिसानं भाजल्याची उदाहरणं घडतात.

आता पुवाचं. पू साठलाय का हे ओळखायची एक सोपी खूण आहे. दुखऱ्या बोटाचं टोक टेबलावर हलकेच दाबा. सुजेच्या मध्यभागी ठळक पांढरट ठिपका उमटला, आजूबाजूची लाली आणि तो ठिपका वेगवेगळे दिसले, तर आत पू गोळा झालेला असण्याचा संभव आहे. कधी तो नखाखालीच पिवळा दिसतो. असा गोळा झालेला पू शेकानं निघतोच असं नाही. त्याला वाट करून द्यावी लागते आणि ते काम डॉक्टरचं. घरी सुई गॅसवर तापवून टोचायचा मोह आवरा. सुईचं टोक चुकलं की जंतू खोल जातात, आणि बोटाच्या टोकात जागा इतकी अपुरी असते की खोल गेलेला पू हाडापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. डॉक्टर बोट बधिर करून नखाची कड किंचित उचलतात, पू निघतो, आणि ठणका बहुतेक वेळा तिथल्या तिथे कमी होतो. घाबरून आठवडाभर टाळलेली गोष्ट पाच-दहा मिनिटांत आटोपते.

त्यासाठी मोठ्या खर्चाच्या दवाखान्यातच जायला हवं असं नाही. उल्हासनगरला कॅम्प 3 मधलं शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. ओळखीचे फॅमिली डॉक्टर असतील तर तेही हे करू शकतात. सुई, खिळा, पत्रा लागून दुखणं सुरू झालं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवून डॉक्टरांना सांगा.

मेडिकलच्या काउंटरवर ‘नखुरडं झालंय, काहीतरी द्या’ असं म्हणून अँटिबायोटिकच्या दोन दिवसांच्या गोळ्या घेणं हा तिसरा, अगदी सर्रास चालणारा उपाय. पू साठलेला असेल तर तो निघाल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग होत नाही. साठलेला नसेल तर अनेकदा गोळ्यांची गरजच पडत नाही. आणि अर्धवट डोस घेऊन जंतू तेवढे निर्ढावतात. गोळी हवी की नको हे बोट बघून ठरवायचं असतं.

दोन दुखणी नखुरड्यासारखी दिसतात आणि त्यांची गल्लत महागात पडते. बोटाच्या टोकाला, नखाजवळ बारीक बारीक पाणीदार फोडांचा पुंजका आला, आग होते आहे, आधी मुंग्या आल्यासारखं वाटत होतं, तर ते नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचं म्हणजे हर्पीसचं दुखणं असू शकतं. ओठावर तापाचे फोड येतात तोच विषाणू. अंगठा चोखणाऱ्या मुलांमध्ये तोंडातले फोड बोटावर उतरतात. हे फोड फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत. दुसरं म्हणजे सूज नखाच्या कडेला नसून बोटाच्या पुढच्या मऊ गादीत आहे, ती गादी दगडासारखी टणक झाली आहे आणि ठणक्यानं झोप लागत नाही. हे घरी शेकत बसायचं दुखणं नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लाल रेघ हातावर वर चढताना दिसली, ताप-थंडी आली, बोट वाकवता येईना, किंवा दोन दिवस नेमानं शेकूनही दुखणं वाढतच चाललं, तरीही तसंच.

यानंतर दुसरं, धुमसणारं नखुरडं. मला यावरच जास्त लिहायचं आहे, कारण हे दुखणं काम करणाऱ्या बायकांचं आहे आणि ते कुणी गंभीरपणे घेत नाही.

धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या ताईंचे हात नीट बघा. एक नव्हे, तीन-चार बोटं एकदम. नखाच्या मुळाशी कातडी गुबगुबीत, मंद लाल. नखाला चिकटून असलेली ती पातळ कातडीची पट्टी नाहीशीच झालेली, तिच्या जागी एक फट. नखावर आडव्या लाटा उमटलेल्या, कड कधी पिवळी, कधी हिरवट. दाबलं तर थोडं दुखतं, क्वचित थेंबभर पू येतो. विचारलं तर म्हणतात, “हे असंच आहे हो, पावसाळ्यात वाढतं.” सहा आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं असेल तर ते जुनाट नखुरडं.

पूर्वी याला सरसकट बुरशीचं दुखणं समजत. बुरशी त्या फटीत राहायला येते हे खरं, पण घर तिनं फोडलेलं नसतं. मूळ कारण सततचं पाणी आणि त्यात मिसळलेली द्रव्यं: भांड्याचा साबण, कपड्यांची पावडर, ब्लीच, फरशी पुसायचं लिक्विड, संडास धुवायचं ॲसिड. पाण्यानं कातडी फुगते, साबणानं तिचं तेल जातं, ती पट्टी झडते आणि पाणी फटीत शिरून तिथंच राहतं. म्हणून नुसतं बुरशीचं मलम लावून हे पूर्ण बरं होत नाही. हेच हॉटेलात भांडी घासणाऱ्या मुलांना होतं, मासळी विकणाऱ्या मावशींना होतं, पापडाच्या पिठात हात असणाऱ्यांना होतं, बाळंतपणानंतर दिवसभर दुपटी धुणाऱ्या आईलाही होतं.

उपाय सांगायला सोपा आणि करायला कठीण: नखं कोरडी ठेवायची. ‘काम सोडा’ असं मी म्हणणार नाही, ते म्हणणारा माणूस कुणाच्या घरी भांडी घासत नसतो. पण काही गोष्टी जमतात. भांड्यांसाठी लांब बाह्यांचे रबरी हातमोजे घ्या आणि त्यांच्या आत पातळ सुती हातमोजे घाला. नुसत्या रबरी हातमोज्यात घामानं हात भिजतो आणि फायद्याऐवजी तोटा होतो. पंधरा-वीस मिनिटांनी हातमोजे काढून हात हवेशीर करायचे, आतले सुती मोजे रोज धुवून वाळवायचे. आतून ओला झालेला किंवा भोक पडलेला हातमोजा घालू नका. दोन जोड असले तर एक वाळत राहतो. ॲसिड आणि ब्लीचला उघडा हात कधीच लावू नका.

काम संपलं की हात साध्या पाण्यानं धुवा, बोटांच्या मधून आणि नखांच्या मुळापाशी टिपून कोरडे करा, आणि लगेच व्हॅसलीन नखांच्या कडेला चोळा. कोकणातून आलेला कोकमतेलाचा गोळा घरात असेल तर थोडा वितळवून लावला तरी चालेल. पाण्याची वाट अडवणारा थर बसवणं एवढाच उद्देश. दिवसातून चार-पाच वेळा लावावं लागतं आणि परिणाम दिसायला आठवडे लागतात, कारण ती पट्टी नव्यानं उगवून नखाला चिकटायला हवी असते. तोवर फट टोकरू नका, सेफ्टीपिननं ‘साफ’ करू नका. महिन्याभरात फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते बहुधा सूज उतरवणारं मलम मोजक्या दिवसांसाठी देतात, गरज पडली तर बुरशीवरचं जोडीला देतात. दोन्ही मलमं एकत्र असलेली, मैत्रिणीनं सांगितलेली ट्यूब आपल्या मनानं आणून महिनोन्महिने चोळू नका. त्यातल्या स्टिरॉइडनं कातडी पातळ होते आणि बुरशी आत फोफावते. स्टिरॉइडची मलमं सरसकट मिळू नयेत म्हणून 2018 मध्ये सरकारनं ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांत घातली, तरी ती सहज हातात पडतात.

ज्यांच्या घरी अशा ताई कामाला येतात त्यांना माझं सांगणं आहे: हातमोज्यांचे दोन जोड आणि व्हॅसलीनची डबी तुमच्या खर्चानं मोरीपाशी ठेवा. दिवाळीच्या बोनसहून हे लहान आहे आणि वर्षभर उपयोगी पडतं.

तान्ह्या बाळांबद्दल एक गोष्ट. बाळाची नखं कात्रीनं कापायला भीती वाटते म्हणून अनेक आया ती दातांनी कुरतडून काढतात. आईच्या तोंडातले जंतू त्या इवल्याशा बोटात जातात, आणि ओठावर फोड आलेले असतील तर हर्पीसही. बाळ झोपलं की लहान मुलांच्या नेलकटरनं किंवा मऊ कानशीनं नखं काढा. नखं खाणाऱ्या मोठ्या मुलांना रागावून ती सवय सुटत नाही. नखं आखूड ठेवणं आणि कडेचं सालपट वेळीच कात्रीनं कापून टाकणं याचा जास्त उपयोग होतो, कारण मुलं कुरतडतात ते बहुतेकदा त्या टोचणाऱ्या सालपटासाठी.

हातांवरून पायांकडे येऊ. पायांची कहाणी बोटांच्या बेचक्यात सुरू होते. चिखल्या म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. बोटांच्या मधली कातडी पांढरी, ओलसर, सोललेली, खाजणारी. शेतावरची माणसं मेंदीचा पाला वाटून लावतात. मेंदीनं जागा थोडी सुकते, पण रंगाखाली लाली झाकली जाते आणि दुखणं वाढलेलं कळत नाही. चिखल्या अंगावर काढल्या की तीच बुरशी पुढे नखात शिरते. म्हणून नखं वाचवायची तर बेचकी सुकी ठेवा. घरी आल्यावर पाय धुवून पंचाचं टोक प्रत्येक बेचक्यातून फिरवा, मग क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा लावा, आणि खाज थांबल्यावरही दोन आठवडे लावत राहा. लोकलनं जाणाऱ्यांनी पावसाळ्यात बॅगेत एक सुका मोज्यांचा जोड ठेवावा आणि शक्य असेल तर ऑफिसपर्यंत सँडल वापरून बूट तिथेच ठेवावेत. सेफ्टी शूजना पर्याय नसतो, पण सुती मोजे रोज बदलता येतात, आणि सुट्टीच्या दिवशी बूट जीभ बाहेर ओढून पंख्याखाली उघडे ठेवता येतात.

अंगठ्याचं नख मांसात घुसणं हे पायाचं खास नखुरडं. याला आपण स्वतःच निमंत्रण देतो. नखाचे कोपरे गोल, खोल कापतो, आत एक बारीक टोक राहून जातं आणि नख वाढताना ते मांसात रुततं. घट्ट बूट, मलंगगड उतरताना बुटाच्या टोकावर आदळणारा अंगठा, किंवा गर्दीत कुणाचा तरी पडलेला पाय, यांनी त्यात भर पडते. पायाची नखं सरळ रेषेत कापा, कोपरे बोटाच्या टोकाबरोबर दिसू द्या. आंघोळीनंतर नख मऊ असतं तेव्हा कापा. घरात प्रत्येकाचा नेलकटर वेगळा नसेल तर निदान वापरल्यावर साबणानं धुवून सुकवा.

कोपरा रुतायला नुकतीच सुरुवात झाली असेल तर पाय कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, कडेची कातडी बोटानं हळूच मागे सारा आणि स्वच्छ कापसाची अगदी बारीक वात नखाच्या कोपऱ्याखाली सरकवा, म्हणजे नख मांसावरून वर वाढेल. वात रोज बदला. पुढचा भाग उघडा असलेली चप्पल वापरा. कोपऱ्यावर लाल मांस वर आलं असेल, पू असेल, तर कोपरा खोल कापायला जाऊ नका. ते दर वेळी आणखी खोल रुतत जातं. नखाची ती कड भूल देऊन काढण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे आणि ती चांगली लागू पडते.

मधुमेह असलेल्यांनी वरचा परिच्छेद वाचून घरी काहीही करू नये, हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे. साखर बरीच वर्षं असेल तर पायाची जाणीव कमी होते. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही आणि शेकता शेकता भाजतं. जखम दुखत नाही म्हणून कळत नाही, रक्तपुरवठा अपुरा म्हणून भरत नाही. अंगठ्याच्या कडेचं क्षुल्लक नखुरडं पुढे बोट कापावं लागण्यापर्यंत जाऊ शकतं. मधुमेह असेल तर पाय शेकू नका, नखाचे कोपरे कोरू नका, अनवाणी चालू नका, आणि लाली दिसली की त्याच दिवशी दाखवा. रोज रात्री तळवे आणि बेचकी बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघा किंवा नातवंडाला बघायला सांगा. पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आपल्या पट्ट्यात पुराचं पाणी ही आणखी एक गोष्ट. 26 जुलै 2005 चा पूर इथे कुणी विसरलेला नाही. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, तेव्हाही उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालले. पायाला चीर असेल, नखाजवळ जखम असेल आणि अशा पाण्यातून जावं लागलं असेल तर प्रश्न नुसत्या नखुरड्याचा राहत नाही. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू त्याच चिरेतून आत जातात. घरी आल्यावर पाय साबणानं धुवा आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारा, लेप्टो टाळण्यासाठी गोळी घ्यायची का ते ठरवायला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

राहिलं नखाचं स्वतःचं दुखणं. नख पिवळट, जाड, ठिसूळ झालंय, खाली भुगा साठतोय, दुखत मात्र नाही, तर बहुतेकजण ‘बुरशी’ म्हणून मोकळे होतात. पण असं बिघडलेलं दिसणारं नख साधारण निम्म्याच वेळा बुरशीचं निघतं. बाकी वेळा सोरायसिस, जुना मार, घट्ट बूट. म्हणून महिनोन्महिने गोळ्या घेण्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा. पोटात घ्यायची औषधं हाताच्या नखांसाठी साधारण सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे चालतात, त्यासाठी यकृताची तपासणीही सांगतात. मध्येच सोडण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशात नाही. नख हिरवं पडलं असेल तर तिथं ओलाव्यात वाढणारे जंतू असतात. नखाचा सुटलेला भाग कापून ती जागा कोरडी ठेवायची आणि दाखवायचं.

आणि काळं नख. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रांगेत अनवाणी पायावर कुणाचा तरी पाय पडतो, लोकलच्या दारात बुटाची टाच बसते, आणि नखाखाली रक्त साकळतं. असं काळं नख वाढीबरोबर पुढे सरकत जातं आणि मुळाशी स्वच्छ नख येताना दिसतं. पण मार लागल्याचं आठवत नाही, काळी किंवा तपकिरी पट्टी जागची हलत नाही, रुंद होते, कडेच्या कातडीवर पसरते, तर वाट बघू नका. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये त्वचेचा कर्करोग निघाला होता, आणि 1981 मध्ये त्यांचं त्यातच निधन झालं. असं क्वचितच होतं, पण तपासायला एक फेरी पुरते.

नखांचं कुठलंही औषध सुरू केलंत तर धीराची मोजपट्टी आधीच माहीत असू द्या. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याहून कमी वेगानं. हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं वर्ष ते दीड वर्ष. औषध लागू पडलं तरी बिघडलेला भाग लगेच सुधारत नाही, तो पुढे ढकलला जातो. म्हणून औषध सुरू करायच्या दिवशी त्या नखाचा मोबाइलवर एक फोटो काढा, आणि मग दर महिन्याच्या त्याच तारखेला, त्याच खिडकीच्या उजेडात आणखी एक. मुळाशी स्वच्छ नखाची पट्टी रुंद होत चाललेली दिसली तर औषध चालू ठेवा. तीन महिन्यांत ती दिसली नाही, तर तेच फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा.